गिऱ्हाईक उजेड मागतंय, आपण बल्ब विकतोय



ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या ॲक्सेसरीच्या दुकानात एक मागणी हमखास वाढते. "दादा, स्कूटरची लाइट जरा वाढवून द्या." सांगली-आष्टा-ईश्वरपूर रस्त्यावर ज्यानं रात्री गाडी चालवलीय, त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. पुढं उसाची ट्रॉली, तिला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यात. मध्ये आपलं गिऱ्हाईक, दुसऱ्या पाळीवरून घरी निघालेलं, पस्तीस वॅटच्या बल्बवर.

म्हणजे मागणी खरी आहे. गरज खरी आहे. पण या मागणीला आपण ॲक्सेसरीवाले आणि गॅरेजवाले जे उत्तर देतो, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. आपण शोकेसमधून एलईडी बल्बचा डबा काढतो, भिंतीवर झगझगीत पांढरा उजेड पाडून दाखवतो, गिऱ्हाईक खूश, आपण खूश. पण भिंतीवरचा उजेड आणि रस्त्यावरचा उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज याच विषयावर बोलू. धंद्याचा हिशोबही शेवटी मांडतो, कारण त्याशिवाय आपल्यातलं कुणी ऐकणार नाही, मला माहीत आहे.

आधी किती लांबचं दिसायला हवं ते बघा

साधं गणित आहे. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, आणि कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक धरा. ४० च्या स्पीडला गाडी थांबायला साधारण २९ मीटर लागतात. ५० ला ४० मीटर. ६० ला ५३ मीटर. स्पीड दीडपट झाला तर थांबायचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं.

आता डिपरचा उजेड जर ३० मीटरवर संपत असेल आणि गाडी ६० ला असेल, तर ट्रॉली दिसेल तेव्हा ब्रेकनं काम होणार नाही. गिऱ्हाईक जे मागतंय ते हे आहे. त्याला वॅट नको, ल्युमेन नको, ६००० केल्विन नको. त्याला अजून वीस मीटर पुढचं दिसायला हवंय. हे वीस मीटर कुठून आणायचे हा आपला प्रश्न आहे.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे अपघात लाइटमुळे झाले असं मी अजिबात म्हणत नाही. पण आपण ज्या गाडीवर काम करतो, त्या गाडीवरचा माणूस किती उघड्यावर असतो हे त्यातून कळतं.

बल्बपेक्षा डोम महत्त्वाचा

हॅलोजन स्कूटरचा हेडलाइट म्हणजे दोन गोष्टींची जोडी आहे: बल्ब आणि डोम. आपल्याकडच्या बहुतेक हॅलोजन स्कूटरना ३५/३५ वॅटचा एचएस-१ बल्ब येतो. त्यात दोन फिलामेंट असतात, एक अप्परसाठी, एक डिपरसाठी. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपर वर जात नाही. डोमचा आरसा घडवताना कंपनीनं फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या हिशोबानं धरलेली असते. फिलामेंट तिथंच असेल तर उजेड रस्त्यावर पडतो. जागा चुकली तर तोच उजेड झाडावर, आभाळात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो.

आता बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब हातात घेऊन बघा. मोठमोठ्या पिवळ्या चिप, कधी तीन बाजूंना, कधी चार बाजूंना. फिलामेंटची बारीक रेघ जिथं असायला हवी, तिथं हा बोटाएवढा ठोकळा उजेड फेकतोय. आरशाला काही समजत नाही. म्हणून होतं काय, तर गाडीच्या पुढच्या चार-पाच मीटरवर चुन्यासारखा पांढरा पट्टा पडतो. गिऱ्हाइकाला वाटतं, वा, काय उजेड! पण जवळचा रस्ता इतका उजळला की डोळ्याची बाहुली लहान होते, आणि लांबचं उलट कमी दिसतं. ज्या वीस मीटरसाठी तो आला होता, ते मिळालेच नाहीत.

पावसात तर अजून वाईट. ओल्या डांबरावर निळसर पांढरा उजेड पुढं सांडून जातो, खड्डा आणि डबकं सारखंच दिसतं. पावसाळ्यात एलईडी काढून परत हॅलोजन टाकायला येणारी गिऱ्हाइकं तुमच्याकडेही येत असतील.

शून्य रुपयांपासून सुरुवात करा

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी दुकानात आली की पहिल्यांदा डबा उघडू नका. पहिल्यांदा तपासा. हा क्रम मी आमच्या पोरांना शिकवतो:

१. काच बघा. उन्हात उभी राहिलेली प्लास्टिकची काच पिवळी, दुधाळ होते. मग आत कसलाही बल्ब टाका, उजेड काचेतच विस्कटतो. पॉलिश करून काच स्वच्छ होते का ते आधी बघा.

२. बल्ब काढून बघा. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट चालू ठेवणं सक्तीचं झालं. म्हणजे बल्ब दिवसरात्र जळतो. काचेवर आतून काळपट झाक आली असेल तर तो बल्ब म्हातारा झाला. चांगल्या कंपनीचा तसाच ३५/३५ टाका. आणि हो, हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून तिथं काच खराब होते.

३. व्होल्टेज मोजा. मल्टिमीटर प्रत्येकाकडे आहे, वापरत कुणी नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या होल्डरवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मध्ये कुठंतरी गळती आहे: कपलर गंजलेला, डिपरचा स्विच खराब, अर्थिंग ढिलं. फिलामेंट बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्के उतरलं तर उजेड जवळपास ३० टक्के उतरतो. म्हणजे एक गंजलेला कपलर साफ केला की एक तृतीयांश उजेड परत येऊ शकतो. खर्च काय? सँडपेपरचा तुकडा आणि दहा मिनिटं.

४. गाडी एसी लाइटची आहे की डीसी? जुन्या बऱ्याच स्कूटरना हेडलाइट थेट मॅग्नेटवर चालतो. ॲक्सिलेटर पिळला की उजेड वाढतो, सिग्नलला थांबलं की मंदावतो. अशा गाडीत डीसीचा एलईडी बल्ब नुसता लावला तर तो फडफडतो आणि लवकर जातो.

५. फोकस सेट करा. याला सगळ्यात कमी वेळ लागतो आणि हेच कुणी करत नाही.

पाचव्यावर थोडं थांबू या. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. गिऱ्हाइकाला सीटवर बसवा, हँडल सरळ. डिपर लावा. हेडलाइट जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि भिंतीवर उजेडाची वरची कड ७० सेंटिमीटरवर पडत असेल, तर तो उजेड साधारण ४५ मीटरवर रस्त्याला टेकतो. तीच कड ५० सेंटिमीटरवर असेल तर २२-२३ मीटरवरच संपतो. हेडलाइटचा ॲडजस्टिंग स्क्रू फिरवून हा वीस सेंटिमीटरचा फरक काढला, की रस्त्यावर वीसपेक्षा जास्त मीटर मिळतात. वर मी जे वीस मीटर म्हणत होतो ना, ते इथं पडलेले असतात.

आणि एक गोष्ट विचारायची: "काका, मागं काय असतं?" दुधाचे कॅन मागं लावणाऱ्याची गाडी मागून दबते, नाक वर होतं, डिपरसुद्धा समोरच्याच्या तोंडावर जातो. रोज मुलीला क्लासवरून आणणाऱ्या ताईंचंही तेच. जसं वजन रोज असतं, तसं वजन ठेवून फोकस लावा. मागच्या शॉकअपची सेटिंग असेल तर तीही बघा.

हे पाच टप्पे झाल्यावर गिऱ्हाइकाला एक चक्कर मारायला सांगा. माझा अनुभव असा की बरीच गिऱ्हाइकं परत येऊन म्हणतात, "झालं की हो काम."

मग एलईडी विकायचाच नाही का?

असं मी म्हणत नाही. एलईडी ही चांगली गोष्ट आहे. कंपनीतून एलईडी हेडलाइट आलेल्या स्कूटर आता सगळीकडे आहेत, ॲक्टिव्हा ५-जीला २०१८ मध्येच एलईडी आला होता. पण तिथं आरसा, काच, हीट सिंक सगळं एलईडीसाठीच घडवलेलं असतं. हॅलोजनच्या डोममध्ये एलईडी बल्ब ढकलणं आणि एलईडीचा हेडलाइट असणं, यात बैलगाडीला ट्रॅक्टरचं चाक लावणं आणि ट्रॅक्टर असणं एवढा फरक आहे.

त्यामुळे ज्याला खरोखर गरज आहे, त्याला पहिला सल्ला हा द्या: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा कंपनीचा पूर्ण एलईडी युनिट तुमच्या गाडीला चालतो का, हे सर्व्हिस सेंटरला विचारून या. चालत असेल तर महाग पडला तरी तोच खरा अपग्रेड.

दुसरा मोह म्हणजे जास्त वॅटचा हॅलोजन. ३५ वॅटला १२ व्होल्टवर तीन ॲम्पियरच्या आत करंट लागतो. १०० वॅटला आठच्या वर. वायर तीच, स्विच तोच, होल्डर तोच, आणि स्कूटरची बॅटरी ३ ते ५ ॲम्पियर अवरची. आधी होल्डर वितळतो, मग डोमच्या आतला चंदेरी थर उडतो, मग गिऱ्हाईक पूर्ण डोम घ्यायला येतं. काहीजण म्हणतात, रिले टाकला की झालं. रिलेनं स्विच वाचतो. पण चार्जिंगच जेवढं आहे तेवढंच राहतं, आणि डोमची उष्णता कुठं जाणार?

कायदा गिऱ्हाइकाला लागू, विश्वास आपल्यावर

याबद्दल आपल्या लाइनमध्ये कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली वळवलेला हवा. ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवणारा नको. बघा, नियमात वॅटची गोष्ट नाही, समोरच्याच्या डोळ्याची आहे. ही दीड मीटरची खूण आजच दुकानाच्या भिंतीवर रंगवून घ्या, फुकटातलं टेस्टिंग मशीन आहे.

२०१९ च्या सुरुवातीला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तसाच ३५/३५ बल्ब बदलणं हा बदल नाही. १०० वॅटचा हॅलोजन किंवा डोळे दिपवणारा एलईडी ही वेगळी गोष्ट. नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर पावती गिऱ्हाइकाच्या नावानं फाटते, पण ते फोन आपल्याला करतं. "तुम्हीच लावून दिलं होतं ना?" या प्रश्नाला "तुम्हीच मागितलं होतं" हे उत्तर दिलं की ते गिऱ्हाईक संपलं. गाडी वॉरंटीत असेल आणि वायरिंग कापलेलं निघालं, तर तिथंही हाच फोन येतो.

"आपण नाही दिलं तर शेजारचा देईल"

आता सगळ्यात मोठा मुद्दा. मी ट्रेनिंगला जातो तिथं हा प्रश्न येतोच. गिऱ्हाईक मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं, हाच बल्ब पाहिजे म्हणतं. नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जातं किंवा ऑनलाइन मागवतं. बरोबर आहे. थोडीफार जातातच.

पण हिशोब पूर्ण मांडा. मी समजा म्हणून आकडे घेतो, तुम्ही तुमचे टाका. समजा एलईडी बल्ब ३०० ला आला, फिटिंगसह ६०० ला गेला. दहा विकले, ३,००० सुटले. समजा दहातले तीन परत आले: एकाचा फॅन बंद, एकात पाणी गेलं, एक फडफडतोय. तीन बदलून दिले, ९०० गेले. राहिले २,१००. प्रत्येक फिटिंगला अर्धा तास, म्हणजे पाच तास. परत आलेल्यांना पुढचं कव्हर उघडा, लॉक तुटू न देता लावा, बोलणी खा, असे मिळून दोन तास. सात तासांत २,१००, म्हणजे तासाला ३००.

आता दुसरी बाजू. "रात्रीची तपासणी" असा बोर्ड लावा. काच, बल्ब, व्होल्टेज, फोकस. मजुरी १५०. दहा गाड्यांचे १,५००. समजा सहा जणांचा बल्ब बदलला, बल्बमागे ५० सुटले, अजून ३००. झाले १,८००. वेळ लागला साधारण साडेचार तास. तासाला ४००.

कागदावर पहिला धंदा मोठा दिसतो, तासावर दुसरा. बीबीएला कॉस्टिंग शिकताना हे प्रकरण कंटाळवाणं वाटतं, पण आपल्या दुकानात खरा तुटवडा मालाचा नसतो, संध्याकाळी पाच ते नऊ या चार तासांचा असतो. त्या चार तासांत परत आलेली गाडी उभी राहिली, की नवं गिऱ्हाईक बाहेरूनच वळतं.

शिवाय तपासणीत अजून काम दिसतं. टायर गुळगुळीत, मागचा ब्रेक लाइट बंद, बॅटरी उतरलेली. हे तुम्ही मीटर लावून दाखवलेलं असतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला आपण काहीतरी गळ्यात मारतोय असं वाटत नाही.

आणि तरीही एखादं गिऱ्हाईक एलईडीच पाहिजे म्हणून अडून बसलं तर? आमच्या दुकानाचा नियम असा. आधी त्याच्याच बल्बवर फोकस सेट करून भिंतीवरचा फोटो काढायचा. मग एलईडी लावून, त्याच जागेवरून, त्याच मोबाइलनं दुसरा फोटो. दीड मीटरच्या खुणेच्या वर उजेड गेला तर बल्ब परत डब्यात, विक्री नाही. काहीजण रागावून जातात. जाऊ देत.

जो दुकानात येत नाही, तो

हे लिहिण्याचं मुख्य कारण शेवटी सांगतो. आपल्या धंद्यात आपण गिऱ्हाइकाचं समाधान हाच देव मानतो, आणि ते बरोबरही आहे. पण हेडलाइट ही अशी वस्तू आहे की तिचा अर्धा वापर दुसऱ्या माणसावर होतो. समोरून येणारा माणूस आपल्या बिलावर नसतो. तो रिव्ह्यू देत नाही, तक्रार करत नाही. डोळे दिपल्यावर सावरायला दोन सेकंद जरी लागले, तरी ५० च्या स्पीडला तो २८ मीटर आंधळा चालतो. वय जास्त असेल तर जास्तच. त्या २८ मीटरमध्ये ट्रॉली असते, सायकलवरचं पोरगं असतं, किंवा रस्ता ओलांडणारी म्हातारी.

आणि आपण लहान गावात धंदा करतो मित्रांनो. समोरून येणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच दुकानाचं दुसरं गिऱ्हाईक असतो. आज एकाला आपण डोळे दिपवणारा बल्ब दिला, उद्या दुसरा येऊन म्हणतो, "दादा, समोरच्या लाइटमुळे काही दिसत नाही, मलापण जास्तीचा द्या." ही अशी वाढत जाणारी शर्यत आहे. त्यात सगळ्यांच्या लाइट वाढतात आणि दिसत कुणालाच नाही. ती थांबवायची झाली तर आरटीओच्या आधी काउंटरच्या मागं उभा असलेला माणूस थांबवू शकतो.

तर करायचं काय? उद्या दुकान उघडलं की पहिल्यांदा स्वतःच्या स्कूटरवर हे पाच टप्पे करा. भिंतीवर ७०, ९० आणि १५० सेंटिमीटरच्या तीन रेघा मारा, जमिनीवर दहा मीटरची एक. रंगाचा एक डबा आणि अर्धा तास. मग "रात्रीची तपासणी"चा बोर्ड लिहा, दर तुमच्या गावाच्या हिशोबानं ठरवा, आणि महिनाभर दोन्ही कामांचे तास वहीत वेगवेगळे लिहा. महिन्यानं तुमचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे निघाले तर बिनधास्त सांगा, त्यावर पुढचा व्हिडिओ करू.

भेटू लवकरच. गाडी सावकाश चालवा, आणि गावात शिरलात की डिपर.